उतरत्या उन्हाळ्यातलं फ्लाय फिशिंग: हिमालयातला ट्राऊट, सह्याद्रीतला महाशीर आणि खानदेशातले डोह

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासा धरणं खानदेशात कुणाला नवं नाही. जळगाव शहराच्या पश्चिम अंगाला असलेल्या पिंप्राळ्यापासून गिरणेचं पात्र फार लांब नाही, आणि नदीत पाणी असलं की काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसतातच. पण गळमासेमारीचा एक प्रकार असा आहे, की त्यात खाण्याचं आमिष नसतंच. पिसं, केस आणि दोरा यांची बांधलेली खोटी माशी गळावर असते आणि ती खरी समजून मासा तोंड घालतो. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. थंड पाण्यातला ट्राऊट हा या खेळाचा सगळ्यांत गाजलेला मासा.

युरोप-अमेरिकेत या खेळाचा एक खास काळ मानला जातो, तो म्हणजे उतरता उन्हाळा. हा काळ तिथे का महत्त्वाचा आहे, भारतात तो कुठे अनुभवता येतो, महाराष्ट्रात ट्राऊट का नाही आणि आपल्याकडच्या डोंगरी माशाचं काय, हे क्रमाने पाहू.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

साध्या गळाला आमिषाचं किंवा शिशाच्या गोळीचं वजन असतं. ते वजन पुढे फेकलं की दोरी त्याच्यामागे जाते. खोट्या माशीला मात्र जवळजवळ वजनच नसतं, ती कितीही जोराने फेकली तरी दोन हातांपलीकडे जाणार नाही. म्हणून इथे वजन दोरीला दिलेलं असतं. जाडसर, लेप दिलेली खास दोरी लवचीक काठीने मागे-पुढे झुलवतात, तिचा वेटोळा हवेत उलगडत जातो आणि शेवटी टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. जाड दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा असतो. माशाला दोरी दिसू नये, हा त्याचा उद्देश.

माश्यांचे ढोबळ प्रकार तीन. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी, पाण्याखाली वाहत जाणारी निंफ आणि लहान माशासारखी दिसणारी स्ट्रीमर. निंफ म्हणजे पाण्यातल्या कीटकाची पंख फुटण्यापूर्वीची अवस्था. मे-फ्लायसारखे कीटक आयुष्याचा बहुतेक काळ ओढ्याच्या तळाशी दगडांखाली याच अवस्थेत काढतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगतात. त्यामुळे ट्राऊटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. पृष्ठभागावर येऊन माशी टिपणारा मासा दिसायला देखणा, पण तो त्याच्या जेवणाचा थोडासाच भाग.

ही युक्ती जुनी आहे. मॅसेडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे पकडतात, असं वर्णन इसवी सनाच्या २०० च्या सुमारास इलियन या लेखकाने केलं आहे. खोट्या माशीचा उल्लेख नसला, तरी गळमासेमारीला राजाच्या करमणुकीचा मान आपल्याकडेही होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना चारण्याचे पदार्थ, दोरी, काठी आणि गळ यांची माहिती त्यात येते. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.

भारतात ट्राऊट कुठून आला?

ट्राऊट मूळचा भारतातला नाही. ब्राऊन ट्राऊट युरोपातला, तर रेनबो ट्राऊट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. इंग्रज अधिकाऱ्यांना घरच्यासारखी मासेमारी हवी होती, म्हणून त्यांनी तो इथे आणला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये दुसरी खेप जिवंत पोहोचली आणि श्रीनगरजवळ हारवनला तिची पैदास सुरू झाली. हिमाचलात कुलू खोऱ्यात १९०९ च्या सुमारास सुरुवात झाली. दक्षिणेत निलगिरीवर एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे यांनी केलेले प्रयत्न फसले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांना यश आलं आणि अव्हलांचला पैदास केंद्र उभं राहिलं. निलगिरीत आणि मुन्नारच्या उंच भागात मुख्यतः रेनबो ट्राऊट टिकला.

आज काश्मीरमधले लिद्दर, सिंध आणि ब्रिंगी, हिमाचलातले तीर्थन, बास्पा, पब्बर आणि बरोटजवळची उहल हे प्रवाह ट्राऊटसाठी ओळखले जातात. तलावांत मासेमारी करायची तर काश्मीरमधले गंगाबल, विशनसर आणि किशनसर आहेत. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असलेल्या या तलावांपर्यंत पायीच जावं लागतं.

या पाहुण्याची किंमतही मोजावी लागली. ब्राऊन ट्राऊट शिकारी मासा आहे. ज्या प्रवाहांत तो सोडला, तिथले असेलासारखे मूळचे मासे आणि त्यांची पिल्लं त्याच्या तोंडी पडली. खेळासाठी एक मासा आणताना तिथे आधीपासून असलेल्या माशांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

उतरता उन्हाळा महत्त्वाचा का?

युरोप-अमेरिकेत उतरता उन्हाळा म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबरची सुरुवात. वितळलेल्या बर्फाचं पाणी तोवर वाहून गेलेलं असतं. ओढे उतरलेले, पाणी नितळ आणि उथळ, दुपारी तापणारं. अशा पाण्यात मासा चटकन बुजतो. पाण्यातल्या कीटकांचे मोठे हंगामही बहुतेक सरलेले असतात.

मग ट्राऊट खातो काय? काठावरच्या गवतातून पाण्यात पडणारं खाद्य. नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे. वाऱ्याच्या झोतासरशी नाकतोडा ओढ्यात पडतो, हातपाय झाडतो आणि काठाच्या सावलीत दबा धरलेला मासा त्याच्यावर झडप घालतो. म्हणून या दिवसांत नाकतोड्यासारख्या मोठ्या माश्या, त्याही काठाला लगटून टाकतात. पाणी नितळ असल्याने धागा लांब आणि बारीक घेतात, प्रवाहाच्या खालच्या अंगाने वर सरकतात आणि आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत. मासा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभा असतो, त्यामुळे मागून येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो.

मासा शोधायची जागाही बदलते. दगडांवरून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, तिथे प्राणवायू जास्त असतो. झऱ्याचं गार पाणी ओढ्याला मिळतं ती जागा, झाडाची सावली आणि खोल डोहाचं तोंड याही हमखास जागा. तलावात उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि गार, जड पाण्यावर थरासारखं पसरतं. ट्राऊट तेव्हा खालच्या गार थरात उतरतो, किंवा जिथे ओढा तलावाला मिळतो तिथे जमतो. पहाटे आणि संध्याकाळी तो काठाजवळ येतो.

हिमालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ आणि पाऊस दोन्हींचं पाणी एकत्र येऊन नद्या गढूळ, राखी होतात. सप्टेंबरमध्ये पाणी निवळतं आणि तेव्हा खरा हंगाम जमतो. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राऊटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण ब्राऊन ट्राऊट थंडीत अंडी घालतो. हंगामातही मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

तापमानाचं गणित

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना तो ९.१ वर येतो आणि ३० अंशांना ७.६ च्या आसपास. अडचण अशी, की माशाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला राहत नाही. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

ट्राऊटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० अंशांपर्यंत गेलं की जाणकार गळमासेमार काठी गुंडाळून ठेवतात. गळाला लागलेला मासा जीव तोडून झगडतो, त्याचे स्नायू थकतात, आणि गरम पाण्यात त्याला ती दमणूक भरून काढता येत नाही. सोडल्यावर तो पोहत जाताना दिसतो, पण काही तासांनी मरू शकतो. म्हणून उतरत्या उन्हाळ्यात फ्लाय फिशिंग करणाऱ्याच्या पिशवीत माश्यांच्या डबीइतकाच थर्मामीटरही महत्त्वाचा असतो.

महाराष्ट्रात ट्राऊट का नाही?

पहिलं कारण उंची. दर हजार मीटरला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सातपुड्यातलं तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात खाली तापीकाठी ४३ अंश असतील, तर या हिशेबाने तोरणमाळला ३५-३६ भरतील. तिथला यशवंत तलाव सुखद वाटतो तो खालच्या झळांच्या तुलनेत. ट्राऊटच्या दृष्टीने ते पाणी कढतच. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, आणि निलगिरीत ट्राऊट टिकला तो साधारण दोन हजार मीटरच्या आसपासच्या पाण्यात.

दुसरं कारण पाण्याचा उगम. हिमालयातल्या नद्यांना बर्फाचं पाणी आहे. निलगिरीवर शोला जंगलं आणि गवताळ पठारं पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर हळूहळू सोडतात. सह्याद्री-सातपुड्याच्या काळ्या दगडावरून पावसाचं पाणी धावत खाली जातं, आणि मार्चपर्यंत बहुतेक ओढ्यांत दगडच उरतात. पावसाळ्यात धो धो वाहणारा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडत असेल, तर तिथे ट्राऊट जगवायचा कसा?

आपला डोंगरी मासा: महाशीर

ट्राऊट नसला तरी इथल्या डोंगरी पाण्याचा मानकरी आहेच. तो म्हणजे महाशीर. मोठमोठे खवले, जाड ओठ आणि प्रवाहाविरुद्ध झेपावणारी ताकद ही त्याची ओळख. मद्रास इलाख्यातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात महाशीरची झुंज सालमन माशापेक्षा सरस ठरवली आणि इंग्रज शिकाऱ्यांत त्याचं नाव झालं.

दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय ओळख पुण्यात झाली. कर्नल विल्यम सायक्स यांनी मुळा-मुठा नदीतल्या माशावरून १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ म्हटलं. आज त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री असं आहे. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांतला महाशीर वेगळ्या जातीचा, टॉर टॉर. नर्मदेतल्या महाशीरला मध्य प्रदेशाने राज्य माशाचा दर्जा दिला आहे.

महाशीरला खाण्याचा फार चोखंदळपणा नाही. शेवाळ, काठावरून पडलेली फळं, किडे, शिंपले आणि लहान मासे असं सगळं त्याला चालतं. म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये त्याच्यासाठी बहुधा लहान माशासारखी स्ट्रीमर किंवा मोठी निंफ वापरतात, आणि काठी व दोरीही ट्राऊटपेक्षा भारी लागते.

महाराष्ट्रात महाशीर जवळून पाहायचा तर गळाची गरज नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात देवस्थानाचे मासे म्हणून ते राखले गेले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, पण कुणी धरत नाही.

लोणावळ्याचा महाशीर आणि कावेरीचा धडा

धरणं झाली, नद्या आटल्या, सुरुंग लावून मासे मारले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाशीर कमी होत गेला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला पैदास केंद्र उभारलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकापासून तिथे कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसवलं. हजारो पिल्लं तयार होऊ लागली आणि देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. मासा वाचवण्याचं हे मोठंच काम होतं.

पण त्यातली काही पिल्लं कावेरीत सोडली गेली. कावेरीत स्वतःचा वेगळा महाशीर होता: पाठीला उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. बाहेरून आलेला दख्खनी महाशीर तिथे इतका फोफावला, की मूळचा मासा दिसेनासा होत गेला. गंमत अशी, की गळमासेमारांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदवह्यांमधूनच ही घसरण संशोधकांच्या लक्षात आली. या मूळ माशाला नेमकं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये मिळालं, टॉर रेमादेवी, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाण्याइतका दुर्मीळ झाला होता. एका नदीचा वाचवलेला मासा दुसऱ्या नदीत संकट ठरू शकतो. म्हणून तापीच्या खोऱ्यात कुणी ‘महाशीर सोडू या’ म्हटलं, तर पहिला प्रश्न हाच असायला हवा: कोणत्या नदीचा महाशीर?

खानदेशात उतरत्या उन्हाळ्याचा अर्थ वेगळा

युरोपातला उतरता उन्हाळा ऑगस्टमध्ये, तर खानदेशातला मे अखेर ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. गिरणा, वाघूर, अनेर यांच्या पात्रांत तेव्हा सलग धार नसते. उरतात ते डोह. पावसाळ्यात मैलोन्‌मैल पसरलेले मासे या थोड्याशा पाण्यात दाटीने कोंडलेले असतात. गळ टाकला की मासा लागतो, जाळं टाकलं की भरून येतं, आणि ब्लीचिंग पावडर टाकली तर डोहच्या डोह रिकामा होतो.

शिवाय रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे साचलेल्या डोहात सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात ते यामुळेच. वाहत्या ट्राऊटच्या ओढ्यात पहाट ही चांगली वेळ, पण आटलेल्या डोहात तीच माशासाठी सर्वांत वाईट.

आणि पुढचं गणित पावसाचं आहे. महाशीर पावसाळ्यात अंडी घालतो. पहिल्या पुराबरोबर तो वरच्या, खडीच्या ओढ्यांकडे चढतो. जूनच्या आरंभी डोहात उरलेली मोठी मादी म्हणजे येणाऱ्या हंगामाचं बियाणं. शेतकरी पेरणीसाठी राखलेलं बियाणं खात नाही, तसाच हा हिशेब. ही मादी गेली, तर पाऊस कितीही चांगला झाला तरी वरचे ओढे रिकामेच राहतात. ज्या भोई आणि आदिवासी कुटुंबांचं पोट नदीवर आहे, त्यांना याचा फटका हौशी गळवाल्याच्या आधी बसतो.

नियम काय सांगतात?

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. राज्यात १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमही आहे. अनेक तलाव आणि धरणांमधली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे तिथे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. जळगाव जिल्ह्यातलं यावल आणि धुळे जिल्ह्यातलं अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि हौसेची मासेमारी चालत नाही.

मासा सोडायचा असेल तर

अनेक फ्लाय फिशिंग करणारे मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. तो खरोखर जगावा यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात.

- गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे गळ चटकन निघतो.
- मासा फार वेळ खेळवू नये. दोरी पुरेशी मजबूत घ्यावी आणि लवकर ओढून आणावा.
- हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते.
- मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. फोटोसाठी तो काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ बाहेर नको. कल्ल्यांत बोटं घालू नयेत.
- सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून हलका आधार द्यावा. तो स्वतःहून निघाला की हात काढावा.
- पाणी तापलेलं असेल किंवा डोह आटलेला असेल, तर गळ टाकूच नये.

शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड, कारण मासा सर्वांत सहज मिळतो तो त्याच दिवसांत. पण लिद्दरच्या काठावरचा ट्राऊट असो की सातपुड्याच्या ओढ्यातला महाशीर, उतरत्या उन्हाळ्यात त्याला वाचवणारी गोष्ट एकच: गार, वाहतं पाणी. ते येईपर्यंत थांबणं हेही या खेळातलं कौशल्यच आहे.